घड्याळ ठेवायची देवळी

चाकूर तालुक्यातल्या एका गावात मी प्रौढ बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचे. अक्षरं शिकता शिकता बायकांनी आपल्याच गावाचा अभ्यास करायचा, असं ठरलं होतं. विषय त्यांनीच निवडला: घरातला मार. पण विचारायला गेलं की एकही तोंड उघडेना. शेवटी मी वैतागून म्हटलं, बोलू नका, करून दाखवा.

किराणा दुकानदाराची बायको उठली. तिनं साडीवरच एक सदरा चढवला आणि ती नवरा झाली. बायको मी. आधी तिनं मनगटावर नसलेलं घड्याळ सोडलं, भिंतीतल्या नसलेल्या देवळीत हळूच ठेवलं, आणि मग माझ्या झिंज्या धरून मला खाली पाडलं.

"घड्याळ कशाला काढलंस गं?" कुणीतरी विचारलं.

"महागाचं हाय. काच फुटती."

बायका हसल्या. तिचा नवरा म्हणजे गावातला सज्जन माणूस, दुकानात आलेल्या पोरांना गोळ्या फुकट देणारा. सुजलेलं तोंड घेऊन ती पंचायतीत गेली होती, तेव्हा "तो? मुंगी मारायचा न्हाई," म्हणून लोकांनी तिलाच वेड्यात काढलं होतं. सासूही तिथंच होती, पण चकार शब्द बोलली नाही. गावानं एकदा तरी हे खरं मानावं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून मारुतीच्या पारापुढं याच नाटकाचा खेळ लावला. अख्खं गाव लोटलं. सुरुवातीला मीच आमचा नियम सांगितला: न पटलं तर कुणीही उठा, खेळात शिरा, कसं व्हायला पाहिजे ते करून दाखवा.

तिनं घड्याळ सोडून देवळीत ठेवायचा अभिनय केला, मला खाली पाडलं आणि पुढच्या रांगेतून तिचा नवरा उठला. मी खाली पडलेली, जमिनीवरून बघत होते. उठता उठता त्यानं आपलं खरं घड्याळ सोडलं, शेजारी बसलेल्या आईच्या हातात दिलं, आणि पुढं येऊन बायकोच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की तिचा ओठ फाटला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गडी नियमानं खेळात शिरला.

दुसरी कानाखाली बसली. ती कोसळली, तशी त्यानं पोटात लाथ घातली. सदऱ्यावर रक्त सांडलं. "वा रे वा! लई भारी काम करायलाय!" कुणीतरी ओरडलं. "अरे, हे नाटक न्हाई!" मी किंचाळले, तर हशाच पिकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या पोटरीचा कडकडून चावा घेतला आणि तोंडात रक्ताची चव आली तरी सोडला नाही. तो माझ्या डोक्यात बुक्क्या घालत होता आणि टाळ्या चालूच होत्या. त्याच्यापेक्षा त्या टाळ्यांचा मला आजही जास्त राग येतो.

मग त्याची म्हातारी आई उठून आमच्यापाशी आली. घड्याळ तिच्या मुठीतच होतं.

"टाळ्या बंद करा रे," ती म्हणाली. "सुनेनं माझी लाज राखली, नाटकात देवळी दावली. आमच्या घरात देवळी न्हाई. घड्याळ मी धरते."