याह्यची कंबर जराशी दुखू द्या

ज्या वर्षी बोंडअळीनं कापसाची पऱ्हाटी खाल्ली, त्या वर्षी आमच्या गावात सुखी दिसणारा माणूस एकच होता. तो मी. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, सगळं गोळीचं.

कंबर त्याआधीच गेलेली. कापसाचं गाठोडं टेम्पोत चढवताना मणक्यात काहीतरी सरकलं, ते परत जागेवर आलंच नाही. मलम, पट्टा, शेक, एका जाणकार नातेवाइकानं पाठीवर दिलेला पाय, सगळं करून झालं. शेवटी नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीशिवाय मिळत नाही अशी गोळी लिहून दिली. अफूच्या जातीची आहे, म्हणाले. सांगितली तेवढीच घ्यायची, मनानं वाढवायची नाही, मनानं बंद करायची नाही, आणि कुलपात ठेवायची. पोट साफ व्हायला त्रास होईल, असंही म्हणाले. हे त्यांनी फारच सौम्य शब्दांत सांगितलं होतं, ते मला पुढं कळलं.

आमच्या घरात कुलपाची वस्तू एकच, बायकोची लोखंडी पेटी. तिच्या लग्नातल्या शालूशेजारी माझ्या गोळ्या राहायला गेल्या.

थोड्याच दिवसांत दुखणं मागं सरलं. मी बांधावर बाभळीखाली जाऊन बसू लागलो. पुढं पऱ्हाटी उभी. बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी पाहुण्यासारखी पसरलेली. अळी लागणार नाही म्हणूनच ते महागाचं बियाणं घेतलेलं. गावात जो तो त्या बियाण्याच्या नावानं शिव्या मोजत होता. मी मात्र अळीकडं बघून हसायचो. डोळे जड, जीभ जड, पोट गच्च म्हणून जेवणावर मन नाही, आणि चेहऱ्यावर देवळातल्या मूर्तीसारखं समाधान.

आता बायकोच्या बाजूनं बघा. नवरा बोलत नाही, जेवत नाही, शेत बुडालं तरी हसतो. त्या दिवसांत आमच्याकडं अशा माणसाकडं लोक कोणत्या नजरेनं बघत, ते सांगायला नको. तिनं मला काही विचारलं नाही. फवारणीच्या विषारी औषधाचा डबा आपल्या भावाकडं पाठवला. मग विहिरीचा दोर गायब झाला. पाणी कसं काढायचं, म्हटलं, तर म्हणाली, झिजला होता. बैलाचं दावंही झिजलं असावं, कारण तो तिच्या जुन्या लुगड्यानं बांधलेला दिसला. फुलाफुलांच्या पदराला बांधलेला बैल माझ्यासारखाच शांत उभा होता.

शेजारी गाद्या भरणारे चाचा राहत, वयानं थोरले. ते रोज दुपारी माझ्याजवळ येऊन बसू लागले. मला वाटलं, गादीचं गिऱ्हाईक शोधतायत. एक दिवस त्यांना राहवलं नाही.

"बेटा, थोडं रडून घे ना. सारं गाव रडून राह्यलं, तूच काऊन मागं?"

मी खरं तेच सांगितलं. "चाचा, मले आता काहीच दुखून नाही राह्यलं."

चाचांचा चेहरा उतरला. उठले ते थेट माझ्या बायकोकडं गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नांदुऱ्याच्या एसटीत.

डॉक्टरांना मी आनंदानं सांगितलं, दुखणं गेलं. ते खूश झाले. तेवढ्यात बायको टेबलाकडं बघत बोलली.

"साहेब, याह्यची कंबर जराशी दुखू द्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

"दुखे तवा हे दिवसभर बोंबलत. मले वैताग ये. पण मानूस घरात हाये, हे तं समजे. आता समजूनच नाही राह्यलं."

दोर का गेला, ते मला तेव्हा उमगलं. डॉक्टरांनी मला आडपडदा न ठेवता विचारलं, जिवाचं काही बरंवाईट मनात येतं का. मी म्हटलं, नाही हो, झोपच एवढी येते की मनात काही यायला जागाच नाही. मग गुंगी येते हे आधी सांगायचं नाही का, म्हणून त्यांनी मला झापलं, गोळीचं प्रमाण उतरवलं आणि पोटासाठी पावडर दिली.

पुढं काही दिवसांनी तपासणीला पुन्हा तिघं गेलो. परतताना एसटी खड्ड्यात आदळली. कंबरेतून कळ थेट टाळूपर्यंत गेली. मी ड्रायव्हरला, रस्त्याला, बियाण्याला आणि अळीला एका दमात शिव्या घातल्या. पुढच्या बाकावरच्या बायांनी वळून बघितलं.

बायको खिडकीकडं तोंड करून पदरानं डोळे पुसत होती. चाचा तिच्याकडं वाकून म्हणाले, "बेटी, दोर आज संध्याकाळीच आणून देतो."