दुसरी चुटकी

माझी अक्कलदाढ आडवी होती आणि हिरडीखाली दडून बसली होती. शनिवारी दंतवैद्यांनी ती तुकडे करून काढली, टाके घातले आणि कमी बोला म्हणून बजावलं. रविवारी घरी जो येईल त्याला मी ती कथा साग्रसंगीत ऐकवत बसलो. संध्याकाळी तोंडातून रक्त यायला लागलं. दंतवैद्य चांगलेच वैतागले. नवा बोळा दाबून म्हणाले, "उद्या दिवसभर तोंड उघडलंत तर माझ्याकडे येऊ नका." माझ्यासारख्या बडबड्याला याहून मोठी शिक्षा नाही, पण रक्त बघून मी पुरता टरकलो होतो.

तर सोमवारी मी मुका होतो.

सकाळी बायको शाळेत शिकवायला गेली. निघताना तिने रोजच्यासारखं अण्णांना वार आणि तिथी सांगितली. अण्णा म्हणजे माझे वडील. काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे, आणि अलीकडे दिवसांचाही गोंधळ होतो. माझी दाढ काढल्याचं त्यांच्या कानावर घातलं होतं, पण त्यातलं लक्षात किती राहिलं हे कळायला मार्ग नव्हता.

तोंडावर पाणी मारायला मोरीत गेलो आणि आरशात पाहून दचकलोच. माझा चेहरा अण्णांसारखा लांबट, गाल बसलेले. सुजेने उजवा गाल असा फुगला होता की त्या बाजूने पाहिलं तर आरशात काका उभे. अण्णांचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन चार-पाच वर्षं झाली. मान वळवली की मी, परत फिरवली की काका. मला हा प्रकार अजिबात आवडला नाही. आरशावर टॉवेल टाकून मी बाहेर आलो.

दुपारी लाइट गेली. बाजारात हळद यायचे दिवस होते. मोंढ्याकडून, धान्य-हळदीच्या बाजारातून येणारा वारा खिडकीच्या कठड्यावर पिवळी धूळ आणून टाकत होता. पंखा थांबल्यावर घर एकदम रिकामं वाटायला लागलं. रस्त्यावर माणूस नव्हतं, कुत्रं नव्हतं. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते, आणि कुणी आलं की बघावं तसे दाराकडे तोंड करून होते. त्यांना पाणी द्यावं म्हणून मी तांब्या घेऊन गेलो.

"पाणी आणलं का?" त्यांनी विचारलं.

बोलता येत नव्हतं. मी सवयीने एक चुटकी वाजवली.

ही सवय आमच्या घरातली. काकांचं दर सोमवारी मौन असायचं, संध्याकाळची पूजा होईपर्यंत. काही विचारलं की एक चुटकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आम्ही पोरं त्यातच वाढलो. सोमवारी घरात पावलं वाजली आणि शब्द आला नाही, तर ते काका, हे कुणाला सांगावं लागत नसे.

अण्णांचा हात तांब्यापाशी थांबला. त्यांनी श्वास ओढून वास घेतला. दवाखान्यातल्या लवंगेच्या तेलाचा वास माझ्या तोंडाला अजून येत होता, आणि काका उपासाला दाढेखाली लवंग धरत.

"दादा?" ते म्हणाले. "तुमी कधी आलात?"

अहो, मी आहे, एवढं म्हणायला तोंड उघडलं, पण जबडा बोटभरसुद्धा उघडेना आणि जिभेवर रक्ताची चव आली. घाबरून मी ओठ मिटले. अण्णांनी हात वर केला, चाचपत माझ्या तोंडापर्यंत आणला आणि सुजलेल्या गालावर ठेवला. गाल सुजेने बधिर झाला होता. त्यांचा हात मला कळत नव्हता, नुसता दिसत होता.

"जरा अंग धरलंत," ते म्हणाले. "बरं झालं. बसा. काहून उभे राहिले?"

मी बसलो. दुसरं काय करणार?

आमच्या गावच्या, हट्ट्याच्या देवळातली पूजा आमच्या घराण्याकडे होती. दोघे भाऊ आळीपाळीने करत. एका वर्षी पालखीपुढे कुणी चालायचं यावरून दोघांत बिनसलं आणि अबोला धरला गेला. तो मिटायच्या आत काकांना नांदेडला दवाखान्यात न्यावं लागलं. पाळी अण्णांची होती, सोपवायला दुसरं कुणी नव्हतं, आणि देवाला पूजेवाचून, नैवेद्यावाचून ठेवायचं कसं? अण्णा गावीच थांबले. काकांजवळ मी होतो. शेवटच्या दिवशी खोलीचं दार करकरलं की काका डोळे उघडायचे आणि विचारायचे, "आला का?" मी नाही म्हटलं की पुन्हा मिटायचे.

हे अण्णांनी मला कधी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर कशाला धोंडा ठेवायचा, असं मला वाटे.

अण्णा माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, "दादा, एक विचारू? दवाखान्यात तुमी माझी वाट पाहिली का?"

मी क्षणभरही विचार केला नाही. नाही म्हणायचं. दोन चुटक्या.

पहिली खणखणीत वाजली. दुसरीला अंगठा बोटावरून नुसताच सरकला. पुन्हा केलं, आवाज नाही. बोटं कोरडी होती, घाम नव्हता. डाव्या हाताने करून पाहिलं. तोही मुका. मी वेड्यासारखा बोटावर बोट घासत होतो आणि घरात काही म्हणता काही वाजत नव्हतं. मानेवरून कुणी गार हात फिरवावा तसं झालं. मागे वळून पाहायचं धाडस मला झालं नाही.

अण्णांनी एकच ऐकली होती. ते कोसळतील म्हणून मी खुर्चीचा हात धरला.

"पाहिली," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "मला वाटून राहिलं होतं, तुमी रागातच गेलात. माझं नावसुद्धा काढलं न्हाई. लेकराला विचारायची छाती झाली न्हाई. तो न्हाई म्हणला असता तर?"

ते रडले, मग घटाघट पाणी प्यायले. मलाही रडू आलं, आणि जबड्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. ज्याला मी धोंडा समजत होतो, तो त्यांना हवा होता. लाइट आली, पंखा फिरायला लागला. अण्णा खुर्चीतच झोपले.

संध्याकाळी मोरीत जाऊन मी चुटकी वाजवून पाहिली. उजव्या हाताने, डाव्या हाताने. दर वेळी वाजत होती. आरशावरचा टॉवेल मात्र मी काढला नाही.

मंगळवारी दंतवैद्यांनी बोळा काढला आणि बोलायची परवानगी दिली. घरी येऊन मी आधी अण्णांपाशी बसलो. "अण्णा," मी म्हटलं, "दवाखान्यात काका तुमची वाट बघत होते. दार वाजलं की 'आला का' म्हणायचे."

"मला माहीत आहे," अण्णा म्हणाले. "काल दादांनी सांगितलं."

मग हात लांबवून त्यांनी बरोबर माझा उजवा गाल शोधला.

"सूज उतरून राहिली का रे?"

मी एक चुटकी वाजवली.