सूनबाई कोरियाला शिकायला गेल्या

विनिपेगमध्ये घर म्हटलं की बेसमेंट आलंच. विंटर टायर्स, जुने बूट, नातवाचे हॉकीचे पॅड, वर जे मावत नाही ते सगळं खाली जातं. आमच्या बेसमेंटमध्ये गेल्या उन्हाळ्यापासून किस्से साठायला लागलेत. दर शुक्रवारी माझी सून वृंदा, तिच्या शाळेची प्रिन्सिपल लिंडा आणि जिमचा मास्तर डग असे तिघे खाली सोफ्यावर बसतात, मी कांदाभजी तळून नेतो आणि एकातून एक निघत जातं. शेवटी टायर्स गॅरेजमध्ये हलवावे लागले!

मी स्वतः सातवीनंतर शाळेची पायरी चढलो नाही. कराडला सायकलचं दुकान चालवलं आणि म्हातारपणी मुलाकडे इथे आलो. आता तीन-तीन शिक्षक माझ्यासमोर बसतात आणि मी त्यांना गप्प बसवतो. देवाने उशिरा दिलं, पण भरपूर दिलं!

* * *

सुरुवात झाली ती एका वाढदिवसाने.

वृंदाच्या वर्गात मिन्जी नावाची कोरियन मुलगी नवीन आली होती. वर्गात ज्याचा वाढदिवस त्याचं नाव बोर्डावर लिहायचं, ही वृंदाची पद्धत. इतरांची नावं ती निळ्या मार्करने लिहिते. पण मिन्जी देशात नवीन, पोरगी बावरलेली, म्हणून आमच्या बाईंनी तिचं नाव खास कुंकवासारख्या लालभडक रंगात लिहिलं. का? तर शुभ असतं!

दुपारी मिन्जीची आजी राइस केकचा ट्रे घेऊन वर्गाच्या दारात आली. बोर्ड बघितला. ट्रे तसाच उचलला, नातीचा हात धरला आणि चालू पडली.

जुन्या कोरियन माणसांत लाल अक्षरात नाव लिहितात ते मेलेल्याचं!

दुसऱ्या दिवशी मिन्जीची आई लिंडाला भेटली. म्हणाली, "आजी म्हणते, मुलगी या बाईंच्या वर्गात बसणार नाही." आणि वर्ग तर थ्री-फोर स्प्लिट, तिसरी-चौथी एकत्र, म्हणजे पुढच्या वर्षीही मिन्जीला वृंदाच! लिंडाने कसंबसं समजावलं, "सप्टेंबरपर्यंत थांबा, मग ठरवू."

वृंदा घरी येऊन जेवली नाही. "आबा, मी तिचं चांगलं करायला गेले हो!"

मी म्हटलं, "अगं, मारलंस ते मारलंस, पण कुंकू लावून मारलंस. एवढा मान कोण देतं?"

माझ्या विनोदाला सून हसली नाही, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. तेव्हा कळलं, प्रकरण जड आहे.

* * *

मग लिंडाने शोधून काढलं की परदेशातल्या शिक्षकांना कोरियाला नेणारी एक स्टडी टूर असते. शाळा दाखवतात, घरी जेवायला नेतात, चालीरीती शिकवतात. तिने तिघांसाठी अप्लाय केलं आणि तिघांचंही झालं! ज्याच्या डोक्यातून ही टूर निघाली त्याला माझा इथूनच नमस्कार.

डग म्हणजे दाराएवढा माणूस. त्याला चॉपस्टिक्सची धास्ती. कोरियात त्या स्टीलच्या असतात, गुळगुळीत. मला म्हणाला, "आबा, हेल्प मी."

मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "तिथे पाहुण्यांची परीक्षा घेतात." आणि त्याच्यासमोर साबुदाण्याच्या खिचडीची ताटली ठेवली. "एकेक दाणा उचलायचा. शेंगदाणा उचलला तर फाउल!"

बिचारा जायच्या दिवसापर्यंत रोज संध्याकाळी यायचा. घाम पुसायचा आणि दाणा उचलायचा. मी वर किचनमध्ये जाऊन हसून यायचो.

कोरियात पहिल्याच जेवणात ओकच्या फळांची जेली आली. हलली की निसटते अशी. सगळे पाहुणे हरले. डगने न बघता तुकडा उचलला आणि तोंडात टाकला! यजमानांनी टाळ्या वाजवल्या. कुठे शिकलात म्हणून विचारलं तर हा ताठ बसून म्हणतो, "माय मास्टर लिव्ह्ज इन विनिपेग."

* * *

लिंडाचं वय हे वृंदाच्या शाळेतलं सगळ्यात मोठं गुपित. रिटायरमेंटचा विषय निघाला की ती वॉशरूमला जाते.

आणि कोरियात भेटल्या भेटल्या पहिला प्रश्न, वय किती? त्यांचंही बरोबर आहे, कोण मोठं ते कळल्याशिवाय कुणी कुणाचा मान ठेवायचा? डगने सांगितलं, अठ्ठावन्न. लिंडा गोड हसून म्हणाली, "फिफ्टी-फाइव्ह."

झालं. डग मोठा ठरला. टेबलावर सूप आलं, भात आला, दहा तऱ्हेच्या वाट्या आल्या. पण तिथली रीत अशी की सगळ्यात मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही. आणि डग त्याच्या तरुणपणची हॉकी मॅच सांगायला बसलेला! पहिला पिरियड झाला, दुसरा झाला. सूपची वाफ गेली. सकाळपासून उपाशी लिंडा एकटक वाटीकडे बघतेय.

तिसऱ्या पिरियडला तिने चमचा उचलला आणि ओरडली, "आय अ‍ॅम सिक्स्टी-वन!"

* * *

पुढचा किस्सा सुनेने मला सांगितला नाही. कोणती सून सासऱ्याला सांगेल? लिंडाने सांगितला.

त्यांच्या यजमान होत्या एक रिटायर झालेल्या शाळामास्तरीण. त्यांनी बायकांना सार्वजनिक न्हाणीघरात नेलं. तिथे अंगावर काही ठेवायचं नसतं! वृंदा म्हणाली, "मी बाहेर बसते, पुस्तक वाचते." मास्तरीणबाईंनी पुस्तक काढून घेतलं.

आत एका दणकट बाईने खरखरीत कापडाने वृंदाची पाठ घासायला घेतली. थोड्या वेळाने लिंडा बघते तर वृंदा मुसमुसतेय. "इज इट हर्टिंग?"

"नाही गं," वृंदा म्हणाली. "दिवाळीला आई अशी चोळायची. ती गेल्यावर कुणी चोळलंच नाही."

तिथेच, डोळे पुसता पुसता, तिने मास्तरीणबाईंना लाल नावाची सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "कारणं सांगू नकोस. घरातलं मोठं माणूस घेऊन त्या आजीकडे जा, डोकं टेकवून नमस्कार कर आणि गप्प बस."

त्या पाठ घासणाऱ्या बाईचं नाव आम्हाला माहीत नाही. पण आमच्या देवघरात समई लागते तेव्हा वृंदा तिचीही आठवण काढते. मी पाहिलंय.

* * *

परत आल्यावर तिघेही नमस्काराची प्रॅक्टिस माझ्यावर करायला लागले. मी सोफ्यावर बसायचं आणि त्यांनी गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचं. कराडच्या सायकलवाल्याला आणखी काय पाहिजे!

डग खाली गेला तो वर येईना. गुडघे अडकले. तेवढ्यात मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून मनापासून आशीर्वाद दिला, "अखंड सौभाग्यवती भव!"

अर्थ विचारला तर वृंदाने ओठ चावत सांगितलं, "तुझ्या बायकोच्या नवऱ्याला लाँग लाइफ." डगने घरी जाऊन ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा मला थँक्यूचा फोन!

* * *

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी आम्ही मिन्जीच्या घरी गेलो. घरातलं मोठं माणूस म्हणून मी. वृंदाने गाडीतच बजावलं, "आबा, आज एक शब्द बोलायचा नाही."

आजीने दार उघडलं. मला मान लववली, वृंदाकडे बघितलंही नाही. मिन्जीमार्फत माझं वय विचारलं. मी तिच्याहून मोठा निघालो, तेव्हा मला चांगली जाड गादी मिळाली. आजी समोर बसली. चेहरा दगडासारखा.

वृंदा पुढे झाली. हात जुळवले, गुडघे टेकले, सावकाश खाली गेली. इतकं सुंदर, इतकं मनापासून की मला गप्प बसवेना.

"अगं, घरी यापेक्षा छान वाकायचीस. कपाळ कुठे टेकलं?"

सासऱ्याचा आवाज आला, सून गडबडली आणि तशीच पुन्हा खाली गेली. कपाळ टेकवून वर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक.

मिन्जीने तोंडावर हात ठेवला. "टू टाइम्स इज फॉर डेड पीपल!"

जिवंत माणसाला एकदा, मेलेल्याला दोनदा. वृंदाला कोरियात हे शिकवलं होतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं! वसंतात नातीला मारलं, आता आजीला! वृंदाच्या डोळ्यांत पाणी भरलं. मी माझे मोजे बघत बसलो.

आजीने वृंदाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग हळूच मागे रेलली, गादीवर आडवी झाली, पाय सरळ केले, दोन्ही हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले.

मी खिशात फोन चाचपला, नाइन-वन-वन लावायला.

आजीने एक डोळा उघडला. किचनकडे बोट केलं आणि कोरियनमध्ये काहीतरी म्हणाली. मिन्जी हसत सुटली, पोट धरून जमिनीवर बसली, आणि कसाबसा श्वास घेत तिने आम्हाला सांगितलं,

"ग्रँडमा सेज, शी इज डेड. सो माय टीचर हॅज टू हीट द सूप!"