बोटभर उंच डोंगर

क्लबात त्यांना सगळे घनताकाका म्हणत. आयुष्यभर त्यांनी शीतगृहांच्या भिंतींत फोमचे बोर्ड बसवले. निवृत्तीनंतर तेच बोर्ड कापून ते डोंगर करू लागले, आणि दर तिसऱ्या वाक्यात 'घनता' आणण्याची सवय मात्र नोकरीतून तशीच सोबत आली. पंपदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत दर आठवड्याला छोटी रेल्वे, छोटी घरं आणि छोट्या दऱ्या बनवणारी मंडळी जमत. नवा सभासद दिसला की काका त्याला कोपऱ्यात घेत.

"थर्मोकोल फ्रिजच्या खोक्यात शोभतो. सुरी लावली की दाणे घरभर होतात, आणि मग बायको आपल्याला घराबाहेर करते. फुलवाल्याचा हिरवा ठोकळा नदीकाठ कोरायला ठीक, पण कोपर टेकलंत की भूकंप. डब्यातून फुसफुसत येणारा फेस तर घेऊच नका, तो स्वतःच्या मनाने फुगतो. निळा बोर्ड घ्या. घनता बघा, घनता!"

झाडांच्या पानांसाठी ते गादीचा स्पंज घरच्या मिक्सरमध्ये दळत. काकूंनी त्या मिक्सरला केव्हाच सोडचिठ्ठी देऊन दुसरा आणला होता.

त्या वर्षी प्रदर्शनासाठी एक सलग दरी करायची ठरली. प्रत्येकाने ठरलेल्या आराखड्याप्रमाणे आपला तुकडा घरी करायचा आणि खोलीत आणून शेजाऱ्याच्या तुकड्याला जोडायचा. दुसऱ्याच्या तुकड्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम काकांनीच केला होता आणि दारामागे चिकटवलाही होता.

काकांच्या शेजारचा तुकडा ताईचा. ताई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि क्लबात सर्वांत नवी. तिने काकांनी सांगितलेला निळा बोर्डच आणला. दवाखान्यातून बाद झालेल्या, दात खरवडायच्या आकड्यांनी तिने असे कडे कोरले की काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ताईच्या सासूबाईंच्या मते हा सगळा पोरखेळ होता, पण प्रदर्शनाला त्या येणार होत्या. "बघू तर दे, काय दिवे लावतेस ते," हे त्यांचे शब्द ताई हसत सांगायची. ते हसू फार टिकत नसे.

तुकडे जोडायच्या दिवशी काका सगळ्यांआधी आले. ताईचा तुकडा आधीच्या बैठकीपासून खोलीतच होता. दोन्ही डोंगर शेजारी ठेवले तर त्यांचा बोटभर उंच. चूक त्यांचीच होती. ताईने आराखड्यातली उंची तंतोतंत पाळली होती. आपली कड कापायची तर ती रंगवलेली, झाडं लावलेली, आणि कापताना का कापतोय तेही सगळ्यांना सांगावं लागणार. त्यापेक्षा तिच्या डोंगराखाली बोर्डाची एक पट्टी डकवणं सोपं. पण दोन बोर्डांमध्ये पांढरा गोंद वाळायला दिवस जातो, आत वारा लागत नाही. हाताशी चपला चिकटवायचं पिवळं सोल्युशन होतं. ते फोम खातं, हे काका नव्या लोकांना पहिल्याच दिवशी बजावत. पण जिन्यावर पावलं वाजली, आणि घाईत असलेल्या माणसाला आपली व्याख्यानं इतरांसाठी असतात असं वाटतं. पट्टी सोल्युशननेच चिकटली.

पुढच्या बैठकीला ताईचा डोंगर खचला होता. रस्त्याला तडा, बोगद्याचं तोंड वाकडं.

"उपाशी दिसतोय बिचारा," क्लबातले जुने सभासद घड्याळवाले म्हणाले.

"थर्मोकोल!" काका म्हणाले. त्या क्षणी पट्टी आपल्या डोक्यातच नव्हती, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

"निळाच आहे, काका. तुम्ही सांगितलेल्या दुकानातूनच आणला."

"बघू की मग." काकांनी सुरी घेऊन डोंगराच्या कुशीत उभा छेद दिला आणि ते वाकून बघू लागले.

आत निळंच होतं. मधोमध एक गुहा पडली होती, वितळलेल्या भिंतींची, पिवळ्या तारा लोंबणारी, चपलांच्या दुकानासारखा वास येणारी. काकांनी त्या चिरेवर तळवा दाबला, जणू रक्त थांबवायचं होतं.

"निळाच आहे," ते म्हणाले. "पण घनता कमी असेल. दुकानदार फसवतात."

"माझंच चुकलं," ताई म्हणाली. "तुम्ही इतकं समजावलंत, मलाच पारखता आलं नाही. सॉरी हं, काका."

क्लबच्या अध्यक्षांनी ताईचा तुकडा वगळला. त्या जागी काकांचा एक जुना, साधा डोंगर बसवायचं ठरलं. ताईने आपला डोंगर वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवला.

"मग सासूबाईंना येऊ नका म्हणून सांगते," ती म्हणाली. काका सुरीचं टोपण शोधत राहिले.

घरी ताट तसंच राहिलेलं पाहून काकूंनी विचारलं, "काय हो, कुणाचा डोंगर कोसळला?" त्यांनी गंमत केली होती. काकांनी सगळं सांगून टाकलं.

"मग मला कशाला सांगता?" काकू ताट उचलत म्हणाल्या. "मी का तुमच्या क्लबात आहे?"

पुढच्या बैठकीत काका उभे राहिले. "उंची माझी चुकली. पट्टी मी लावली, सोल्युशनही माझंच. ताईचा काही दोष नाही."

मग घड्याळवाल्यांनी टाळ्या सुरू केल्या. "वा काका! नव्या माणसाला सांभाळून घ्यावं तर असं!"

"मन मोठं लागतं," अध्यक्ष म्हणाले.

"अहो, खरंच मी—"

"पुरे हो तुमचा विनय!"

काकांचे कान तापले. शिव्या पडल्या असत्या तर कुठे बघायचं ते त्यांना कळलं असतं. ताई मात्र हसत नव्हती. तिने डोंगर खाली काढला, कागद सोडला, चिरेला नाक लावलं, मग तो उलटा केला. खालची पट्टी नखाने उचकटली.

"ही माझी नाही."

टाळ्या थांबल्या.

"त्या दिवशी वाकलात तेव्हाच दिसलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"मी सॉरी म्हणाले, तेव्हा?"

"तेव्हाही."

आता कुणीच मनाच्या मोठेपणाबद्दल बोलेना. अध्यक्षांनी घसा साफ करून ताईचा तुकडा पुन्हा दरीत घेतल्याचं जाहीर केलं.

"वरचं कवच शाबूत आहे, आत नवा बोर्ड भरते," ताई म्हणाली. "पण उंची आराखड्यातलीच ठेवणार." मग तिने पेन्सिल घेतली, काकांच्या डोंगराला फूटपट्टी लावली आणि रंगवलेल्या कड्यावरून, झाडांच्या बुंध्यांवरून सरळ रेघ ओढली. "इथपर्यंत."

काकांनी करवत घेतली. निळा भुसा बाह्यांना, भुवयांना चिकटू लागला. झटकला की या हातावरून त्या हातावर जाई. खुर्च्यांवरची मंडळी बघत होती. अर्ध्यावर काका थांबले.

"एवढं पुरे?"

ताईने वाकून पट्टी लावली. "नाही, काका. अजून आहे."

ते पुन्हा कापू लागले.