ईश्वरीदादीचं म्हणणं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, गटातल्या बायकांना तर नाहीच नाही. गंमत म्हणजे तो दिवस आठवला की मला आधी हसू येतं, इतका मजेचा होता तो — आणि मग हसता हसता मध्येच थांबावं लागतं. तुम्हाला सांगते. फक्त जरा आडवळणानं सांगू द्या. एकदम तिथं पोचायला अजून धीर होत नाही.

दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. आम्ही उल्हासनगरला कॅम्पातल्या जुन्या बराकीत राहायचो. दहा बाय बाराची एक खोली, पुढे पत्रा टाकून काढलेली पडवी. आई घरीच मसाले, चकल्या, लोणची करून विकायची. तिच्यासारख्या अठरा जणींचा बचत गट होता — अर्ध्या मराठी, अर्ध्या सिंधी. पदार्थांची चर्चा जिच्या तिच्या भाषेत, भांडणं मात्र हिंदीत. मी सकाळच्या शाळेत शिकवायची आणि दुपारी गटाचे अर्ज, पावत्या, पत्रं लिहायची. सिंधी मला मुद्दाम शिकावी लागली नाही; त्या गल्लीत वाढलेल्या पोराला ती आपोआप यायची.

एके दिवशी पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात सरकारी सूचना आली. घरी खाद्यपदार्थ करून विकणाऱ्यांसाठी राज्य सरकार नवे नियम करणार होतं. मसुदा प्रसिद्ध झाला होता, त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, आणि आमच्याकडच्या तिन्ही गावांसाठी — उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर — जाहीर सुनावणी अंबरनाथला एका हॉलमध्ये होणार होती. मीच तो मसुदा मिळवला, मीच बायकांना वाचून दाखवला. चौथं कलम सगळ्यांनी मला परत वाचायला लावलं. पदार्थ करण्याची जागा राहत्या जागेपासून वेगळी, स्वतंत्र खोली असली पाहिजे.

वेगळी खोली! आमच्या गल्लीत नव्या नवरा-बायकोला वेगळी खोली मिळत नव्हती, तिथं चकलीला कुठून मिळणार?

मी अठरा हरकती लिहिल्या. सगळ्यांवर सह्या, एकीवर अंगठा. तो अंगठा ईश्वरीदादीचा.

सिंधीत दादी म्हणजे मोठी बहीण. वयानं ती आमच्या आजीसारखी होती, पण सगळी गल्ली तिला दादीच म्हणायची. फाळणीनंतर ती या बराकीत आली आणि तेव्हापासून पापड लाटत होती. आता हात चालत नव्हते, तर मुलगा किशन धंदा बघायचा. रोज सकाळी सात-आठ बायका त्यांच्या खोलीत लाटायला बसायच्या. दादीला हिंदी कळायची, मराठी नाही; बोलायची मात्र सिंधीच, तीही अगदी हळू. दात गेलेले, आवाज बसलेला. कान तिच्या तोंडाशी नेला तरच काही कळायचं. बायकांनी ठरवलं, सगळ्यात जुनी पापडवाली हीच, तर सुनावणीत हिला बोलायला लावायचं आणि मी तिचं म्हणणं मराठीत सांगायचं. तिला कुणी विचारलं का, तुला काय म्हणायचंय म्हणून? नाही. मीही नाही विचारलं. तिनं अंगठा उठवला होता, आणखी काय विचारायचं?

सुनावणीचा दिवस म्हणजे जत्राच. सहा रिक्षा करून आम्ही निघालो, किशनही बरोबर. दादीनं पांढरीशुभ्र ओढणी घेतली होती, किशनच्या बायकोनं डबाभर पापड भाजून दिले होते. हॉलमध्ये मंडपवाल्याच्या लाल खुर्च्या, समोर टेबलावर हिरवं कापड, एक कुरकुरणारा माइक. मुंबईहून आलेले साहेब पन्नाशीचे, शांत. हातातली पेन्सिल खाली न ठेवता प्रत्येकाचं ऐकून घेत होते. शेजारी एक मुलगी सगळं लिहून घेत होती.

बदलापूरचे एक लोणचंवाले उठले. "साहेब, मला खोली नाही, पण गच्ची आहे. ती खोलीत धरणार का?"

साहेबांनी विचारलं, "वर छप्पर आहे?"

"आभाळ आहे ना!"

हॉल हसला, साहेबही हसले. मग मोरिवलीचे एक म्हातारे शेतकरी माइकशी गेले. "कंपन्यांचं पानी आमचे शेतान येतंय, त्याचं काय?" साहेब समजुतीनं म्हणाले, "काका, हा खाद्यपदार्थांचा नियम आहे." म्हातारा हटला नाही. "मंग? भात काय तुमी खात नाय?" अशा टाळ्या पडल्या की लिहिणारी मुलगी लिहायचं सोडून बघत राहिली. साहेबांनी तेही नोंदवून घ्यायला सांगितलं.

सरकार म्हणजे बंद खिडकी, एवढंच आम्हाला ठाऊक. आणि इथं सरकार समोर बसून आमचं ऐकत होतं, आमचे पापड खात होतं! आई तर इतकी खुलली होती की दोन वेळा उठून एकच मुद्दा बोलली, दुसऱ्यांदा जास्त चांगला.

मग दादीचं नाव पुकारलं.

तिला उभं राहवेना, म्हणून साहेबांनी आपल्या टेबलाशेजारी खुर्ची मागवली. ती बसली. मी तिच्या पायाशी वाकले, माइक माझ्या हातात. ती बोलू लागली — हळू, माझ्या कानात, बराच वेळ. हॉलमधल्या कुणालाही त्यातला एक शब्द ऐकू गेला नाही. साहेबांना गेला असेल, पण त्यांना सिंधी येत नव्हती.

मग मी उभी राहिले आणि सांगितलं.

"साहेब, दादी म्हणतात — मी सगळं मागे टाकून या खोलीत आले. इथेच पापड लाटले, इथेच मुलं मोठी केली. लाटून झालं की पाटाखालची जागा पुसून तिथेच त्यांना झोपवलं. हीच खोली माझं घर आणि हीच माझी रोजी. तुम्ही म्हणता वेगळी खोली दाखव. साहेब, मला आयुष्यात एकच खोली मिळाली. दुसरी कुठून दाखवू?"

मग पहिली टाळी आईची. मग सगळा हॉल. बदलापूरचे लोणचंवाले डोळे पुसत होते. साहेब उठले आणि त्यांनी दादीला हात जोडले. दादीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं, त्यांनी तिचं ऐकलं.

आता ती काय बोलली होती, ते. टाळत आले ना इतका वेळ?

ती म्हणाली होती, "नियम चांगला आहे, पुत्रा. लवकर कर. माझ्या खोलीत सकाळपासून पापडच पापड. जमिनीवर पापड, दोरीवर पापड, माझ्या खाटेवर पापड. पंख्याखालची जागा माझी, ती पण पापडांना. मी दिवसभर दारात स्टुलावर बसते, पाठ भरून येते. किशन वाईट नाही. पण मी म्हटलं की म्हणतो, अम्मा, दोनच तास. सरकार म्हणालं तर त्याला दुसरी खोली घ्यावीच लागेल, आणि घ्यायची ऐपत आहे त्याची. मला दुपारी माझ्या घरात जरा आडवं व्हायचंय. एवढं कर."

हे ऐकलं आणि मी मान वर केली. समोर तिसऱ्या रांगेत आई होती, पदर नीट करून, तोंड उघडं ठेवून, सगळं आता चांगलंच होणार अशा चेहऱ्यानं. मला विचार करायला वेळ नव्हता, असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय. वेळ होता. मी माइकवर फुंकर मारली, घसा साफ केला, पदर खोचला. एवढ्या वेळात माणूस बराच विचार करतो. मी केला. आणि तिच्या 'हो'चं 'नाही' केलं.

मी सांगितलेली एकूणएक गोष्ट तिच्या आयुष्यात घडलेली होती — तिच्याच तोंडून लहानपणी ऐकलेली. फक्त त्या दिवशी ती ते बोलली नव्हती.

पुढे काही महिन्यांनी अंतिम नियम आले. वेगळ्या खोलीची अट गेली. स्वच्छ जागा, झाकलेली भांडी, पिण्याचं पाणी, एवढंच राहिलं. मी पेपर घेऊन गल्लीत धावत सुटले. काय तो दिवस! ढोलवाला आणला, पेढे वाटले, सिंधी बायकांनी कढई भरून गोड बुंदी केली. दादीला खुर्चीत बसवून हार घातला, गुलाल लावला. आईनं तिच्यासमोर फुगडी घातली, आणि दादी खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात वर करून नाचली. मी तिला इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. तिनं मला खाली वाकवलं आणि कानात विचारलं, "झालं का गं काम?"

मी म्हटलं, "झालं, दादी."

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून येताना पाहिलं तर ती स्टुलावर, कपाळाला अजून गुलाल. आत पंख्याखाली पापड.

मी तिला हाताला धरून आमच्या घरी आणलं आणि माझ्या पलंगावर झोपवलं. त्या दिवसापासून रोज. तीन वर्षं. यात माझा मोठेपणा बघू नका. पण त्या दुपारी फार सुखाच्या होत्या, हे खोटं कशाला सांगू? तिला पडल्या पडल्या झोप लागायची आणि ती असं घोरायची की आई मिक्सर बंद करून ऐकत बसायची. उठली की दोघींचं सुरू — आई मराठीत, ती सिंधीत. एकीचं अक्षर दुसरीला कळत नव्हतं आणि गप्पा संपत नव्हत्या. तिनं आम्हाला कोकी करायला शिकवली. आईनं तिला थालीपीठ खाऊ घातलं, तर ही आमच्याच कोकीची बहीण, असं म्हणून तिनं त्यातला कांदा कमी करायला लावला. आमच्या घरात तेव्हा जेवढं हसू होतं तेवढं नंतर कधी झालं नाही.

एका दुपारी मात्र ती झोपली नाही. छताकडे बघत म्हणाली, "धिये, नियम झाला. मला हार घातला, पेढे वाटले. मग माझ्या खाटेवर पापड अजून कसे?"

धिये म्हणजे बाळे, मुली. आई बाहेर गेली होती. खोलीत आम्ही दोघीच. सांगायला याहून सोपी वेळ मिळाली असती का?

मी म्हटलं, "सरकारी काम आहे, दादी. वेळ लागतो."

ती खुदकन हसली. "म्हणजे सरकार माझ्याहून म्हातारं दिसतंय," म्हणाली आणि कुशीवर वळली. तिनं विश्वास ठेवला. ती वाट बघत राहिली, अगदी आनंदानं. कधीकधी मला विचारायची, "काही कागद आला का?" मी म्हणायची, "येईल."

आणि तरीही सगळ्यात वाईट ते नाही. वाईट हे, की तिला जे हवं होतं त्यासाठी नियमाची गरजच नव्हती. किशनकडे पैसा होता. मी एकदा त्याच्या दारात उभी राहून म्हटलं असतं, किशनभाऊ, अम्माला दुपारी आडवं व्हायचंय, पापडांसाठी दुसरी खोली बघा — तर माझ्यासारख्या मास्तरणीचं त्यानं ऐकलं असतं. एका वाक्याचं काम. पण त्यानं विचारलं असतं, तुम्हाला कुणी सांगितलं? आणि मग ते कधी, कुठे, हे निघालं असतं. टाळ्या, हार, पेपरात आलेला तिच्या शेजारचा माझा फोटो — सगळंच निघालं असतं. म्हणून तीन वर्षं मी तिला पलंग दिला आणि ते एक वाक्य दिलं नाही. सुट्टीत मी गावाला गेले की, माझ्या लग्नाच्या धावपळीत, ती स्टुलावरच असायची.

दादी एका हिवाळ्यात गेली, फार आजारी न पडता.

मी आता बदलापूरला राहते. दिवाळीत आईकडे गेले की किशनच्या घरी जावंच लागतं. त्यानं तो पेपरातला फोटो काचेत लावलाय. नातवंडांना जवळ बोलावून तो सांगतो, "तुम्हारी परदादी ने सरकार को झुकाया था," आणि मग मला म्हणतो, "दीदी, वो फिर से सुनाओ ना, अम्मा क्या बोली थी." मी ऐकवते. आवाज चढवून, योग्य जागी थांबून ऐकवते. पोरं टाळ्या वाजवतात आणि मला मजा येते — हो, अजून येते.

गेल्या खेपेला त्यानं सरबताचा ग्लास माझ्या हातात देत विचारलं, "उस दिन अम्मा तो बहुत देर बोल रही थी. और भी कुछ बोला था क्या?"

मी म्हटलं, "नहीं किशनभाई, बस इतना ही."

तो खूश झाला. मी सरबत संपवलं.

ती काय बोलली होती ते वर लिहिलंय, जसं आठवतं तसं सगळं. किशन अजून त्याच गल्लीत राहतो. त्याला मराठी चांगलं वाचता येतं.