कातळावरची करवंदं

"कोंबडा का कोंबडी?" असं विचारल्याशिवाय ती कुणाला करवंदं देत नसे. गिऱ्हाईक मामलेदार असो नाहीतर गुराखी, त्यानं आधी सांगायचं आणि मग करवंद फोडायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. चुकलं की ती हसायची, "हरला की वो तुमी!" आणि हरलेल्यालाच मूठभर जास्त द्यायची.

असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आंबवड्याकडच्या डोंगरातून ती पाटी घेऊन भोरच्या बाजाराला यायची. सगळे तिला मावशी म्हणत. मी तेव्हा भोरजवळच्या एका बागेत कारकून होतो. मालकांना तिची करवंदं फार आवडत, म्हणून त्यांनी रोपं मागवली. कातळाच्या फटीतून चार रोपं काढून तिनं माझ्या हाती दिली.

"भाऊसाहेब, मुरमात लावा. खत न्हाई, पानी न्हाई. लई लाड केलं की चव जाती."

मी शिकलेला माणूस! पाटाच्या कडेला, काळ्या मातीत लावली. तिसऱ्या उन्हाळ्यात बोराएवढी करवंदं धरली, पण चवीला पाणचट.

मालकांनी तोंड वाकडं केलं. "बाईनं कशी लावायची ते सांगितलं नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो. "रोपंच हलकी दिली तिनं."

मालकांनी तिला फाटकातून परत पाठवलं. ती हलका माल देते, अशी गोष्ट बाजारात पसरली आणि तिची पाटी भरलेलीच परत जाऊ लागली.

एकदा ती कुंपणाशी आली. हात घालून एक करवंद तोडलं, चाखलं.

"पानी पाजलं व्हय?"

मी मान खाली घातली.

"मालकाला सांगू नगा. तुमची नोकरी जाईल. माझा डोंगर कुठं जातोय?"

पुढच्या पावसाळ्यात तिनं कुंपणावरूनच पुन्हा चार रोपं आणून दिली. या वेळी मी ती मुरमात लावली. तिसऱ्या उन्हाळ्यात बारीक, काळीभोर, गोड करवंदं आली, तेव्हा मालकांनी माझी पाठ थोपटली. ती थाप मला सोसवेना. मी सगळं सांगून टाकलं. मालकांनी पाठीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "जा, तिला मानानं घेऊन या."

ओंजळभर करवंदं रुमालात बांधून मी तिच्या घरी गेलो. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "म्हातारी थंडीतच गेली की."

मी उंबऱ्यावर बसलो. रुमाल सोडून एक करवंद हातात घेतलं. "कोंबडी," मी मोठ्यानं म्हणालो आणि फोडलं.

आत लालभडक. हरलो होतो. हरलेल्याची मूठ मात्र तिनं मला आधीच दिली होती.