इरफानची काळी-पिवळी

तो गेम आम्हाला फुकटात पडला होता. नागपूरच्या पाहुण्याने आणलेली कॉपी मारलेली सीडी.

खरी किंमत इरफानने भरली. बी.कॉम.चं दुसरं वर्ष गेलं, अब्बांनी बोलणं टाकलं, आणि एका दारातून तो धुतलेले हात घेऊन परत आला.

ते दार ज्यांचं, त्यांचं नाव मी लिहिणार नाही. ते हे वाचून राह्यले आहेत, मले माहीत आहे.

मागच्या आठवड्यात गॅरेजमध्येच इरफानच्या छातीत कळ आली. सगळं संपलं.

माती देऊन घरी आलो, फोन उघडला, तर सरांची पोस्ट. सर म्हणजे आमच्या दारव्ह्याचे कॉम्प्युटर क्लासवाले.

"माझा लाडका विद्यार्थी इरफान. त्याला मीच घडवलं. आम्ही दोघांनी बनवलेल्या गेममध्ये दारव्हा ते यवतमाळ कितीदा जीप चालवली! रविवारी शोकसभेत तो गेम मोठ्या स्क्रीनवर दाखवू."

खाली हार घातलेला फोटो. फोटोखाली नवीन बॅचची वेळ.

संध्याकाळी इरफानच्या पोरीने मले विचारलं, "चाचा, गेम अब्बूने बनवला का सरांनी?"

मी म्हटलं, "रविवारी समजन बेटा."

आज रविवार. म्हणून लिहून राह्यलो.

कापसाचे वाईट दिवस होते ते. बाजारात पैसा नव्हता, तरी मी स्टँडजवळ सायबर कॅफे टाकला. त्याआधी काळी-पिवळीवर, म्हणजे आमच्याकडच्या शेअर जीपवर, पॅसेंजर बोलवायचो. "बोरी, लाडखेड, यवतमाऽऽळ!" पाठमोरा उभा राहून, नुसत्या आवाजावरून कोणाची जीप आली ते सांगायचो. कान अजून तसेच आहेत.

इरफान समोरच्या गॅरेजमध्ये अब्बांच्या हाताखाली होता.

गेम रेसिंगचा. कव्हरवर आग, धूर, काय नाही! लावला तर रस्ता रिकामा. माणूस नाही, कुत्रं नाही. गाडीचा आवाज घरच्या मिक्सरसारखा. पोरांनी शिव्या घातल्या. मी सीडी खिडकीत टांगायला काढली, चिमण्या हाकलायला.

"थांब ना भाऊ," इरफान म्हणाला. "याच्यात गेम बदलायचे टूल देल्ले आहेत."

"मेलेल्या इंजिनले पेंट मारून गाडी चालते काय बे?"

"इंजिन मेलं नाही. गाडी परक्या गावची आहे. आपल्या रोडवर आणून पाहू."

गॅरेज बंद झालं की तो माझ्याकडे. गेममधली गाडी गेली, काळी-पिवळी जीप आली. मागे लटकलेले पॅसेंजर आले. हेडफोनचा माईक मोज्यात गुंडाळून आम्ही खऱ्या जीपच्या बॉनेटमध्ये बांधला आणि आवाज घेतला. हॉर्नचं बटण दाबलं की माझा आवाज यायचा: "बोरी, लाडखेड, यवतमाऽऽळ!"

कधी कॉम्प्युटर न पाहिलेली माणसं कॅफेत येऊ लागली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "माहं घर दिसते काय याच्यात?"

इरफानने दुसऱ्या दिवशी त्याचं घर टाकलं.

मग माझे डबे, म्हणजे कॅफेतले जुने कॉम्प्युटर, कमी पडायला लागले. नवी मशीन सरांकडे. इरफान विचारायला गेला, मी सोबत.

"आधी हात धुऊन ये," सर म्हणाले.

त्याने आधी रॉकेलने धुतले, मग साबणाने, कोपरापर्यंत. पुन्हा गेला. मी पायऱ्यांवर थांबलो.

"तरी नकोच," सर म्हणाले. "खुर्ची खराब होईल. आणि असल्या टूलने फालतू गेम सुधारत नसतो रे. गॅरेजवाल्याने गॅरेज पाहावं."

अख्खी बॅच हसली. त्यातलं सरांचं हसू मी अजून वेगळं काढून दाखवू शकतो.

परत येताना इरफान एवढंच म्हणाला, "आपल्याच डब्यावर करू भाऊ."

शेवटी बोरीचा पूल आला. त्या सीझनले मोजमाप होत नव्हतं. कापसाच्या बैलगाड्या खरेदी केंद्रापासून थेट पुलापर्यंत उभ्या राहायच्या. इरफानने एकेक गाडी मांडली. बैलांसकट, खाली झोपलेल्या माणसासकट.

"थोड्या काढ बे. डबा दमून राह्यला."

"सीझनमध्ये बोरीचा पूल कधी रिकामा पाह्यला काय?"

"गेम आहे इरफान्या!"

"मंग त्या कंपनीवाल्यानं काय वाईट केलतं? रिकामा रोड त्यानं देल्लाच होता."

एकही गाडी काढली नाही.

शुक्रवारी सरांचा फोन. "अहो, त्या गेमची सीडी तुमच्याकडे असेल ना? माझी कुठे सापडत नाही."

"आहे ना सर. घेऊनच येतो. चालवणार तुम्हीच ना?"

"म्हणजे काय! थेट यवतमाळला नेतो."

आज हॉल भरला होता. इरफानची बायको आणि पोरगी पहिल्या रांगेत. सरांनी भाषण केलं, माऊस हातात घेतला.

"सर, की-बोर्डवर चालते," मी हळूच सांगितलं. माईक चालू होता.

जीप निघाली. हॉर्न वाजला, माझा तेव्हाचा आवाज हॉलभर गेला. लोक हसले, लगेच डोळे पुसले. म्हाताऱ्याचं घर गेलं. पूल आला. गाड्या, बैल, झोपलेली माणसं.

आणि चित्र थांबलं.

सरांनी सगळी बटणं दाबली. "सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे," म्हणाले. "एरवी यवतमाळपर्यंत मस्त जातो."

कॅफेतली जुनी पोरं मागे उभी होती. सगळे माझ्याकडे पाहत होते. पोरगीही.

मी उठलो, तिला खरं सांगितलं. माईक अजून चालूच होता.

इरफान, माझा शेवटचा सलाम घे. आता तुले कोणी हात धुवायला सांगणार नाही.

सर, तुमच्यासाठी इथेही लिहून ठेवतो.

तो गेम पहिल्या दिवसापासून बोरीच्या पुलावरच बंद पडतो. त्यात यवतमाळपर्यंत कोणीच कधी गेलेलं नाही.